रंगरूटचे रेशन

बालवाडीच्या तक्त्यावर 'म' मांजराचा असतो आणि त्या मांजरापुढे हमखास दुधाची बशी असते. गाईपुढे गवत, माकडापुढे केळे, सशापुढे गाजर आणि मांजरापुढे दूध. आपली म्हणसुद्धा मांजर डोळे मिटून दूध पिते अशीच आहे. त्या बशीवरून आमच्या घरात या उन्हाळ्यात चार दिवस वाद झाला. वाद घालणारे होते आज्जी, आई, बाबा, धाकटी बहीण, मी आणि शेजारचे दफेदार काका. ज्याच्यासाठी वाद चालला होता त्याचे वजन ५४० ग्रॅम होते.

बाबांची बदली जयपूरला झाली आहे. सुट्टी लागली तसा मी पुणे-जयपूर गाडीने तिकडे गेलो. मे महिन्यातले जयपूर म्हणजे काय, हे तिथे दुपारी दोन वाजता दारातून बाहेर पाय टाकल्याशिवाय कळत नाही. पारा ४४ वर. आमच्या ओळीतले एक कुटुंब बदली होऊन नुकतेच गेले होते आणि त्यांचे क्वार्टर रिकामे होते. त्याच्या मागच्या बाजूला कूलरचा लोखंडी स्टँड होता आणि त्याखाली वाळ्याच्या जुन्या ताट्या पडलेल्या होत्या. आवाज त्या ताट्यांमधून येत होता. आई परत येईल म्हणून आम्ही एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. मांजरी पिल्ले ठेवून शिकारीला जाते आणि परत येते, त्यामुळे आवाज आला की लगेच उचलायचे नसते. पण ही परत आली नाही. शेवटी बाबांनी टॉवेलात गुंडाळून पिल्लू घरात आणले. राखाडी पट्टे, बारीक अंग आणि डोक्यापेक्षा मोठे वाटणारे दोन कान. पहिल्या दिवशी न्हाव्यापुढून उठल्यावर आपण सगळे जसे दिसलो होतो अगदी तसेच. बाबा म्हणाले, "हा तर रंगरूट!" तेच नाव पडले. नंतर डॉक्टरांनी रंगरूट मादी असल्याचे सांगितले, पण नाव बदलले नाही. एनडीएत २०२२ पासून मुलीही दाखल होतात, तेव्हा कुणाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

आता थोडे जयपूरविषयी सांगायला हवे. प्राण्यांना इतके खाऊ घालणारे दुसरे शहर मी पाहिलेले नाही. अल्बर्ट हॉल संग्रहालयासमोर कबुतरांसाठी दाणे विकणारे बसतात आणि लोक गाडी थांबवून ते विकत घेऊन उधळतात. गलताजीच्या वाटेवर माकडांसाठी चणे आणि केळी मिळतात. रस्त्याच्या कडेला हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन बायका बसलेल्या असतात. त्या चाऱ्याला तिथे रिजका म्हणतात. माणसे पैसे देतात आणि तो चारा तिथेच उभ्या असलेल्या गाईंपुढे टाकला जातो. उन्हाळ्यात झाडांना पक्ष्यांसाठी पाण्याची मातीची भांडी टांगतात, ती परिंडे. एवढेच काय, मुंग्यांच्या बिळांपाशीही पीठ आणि साखर टाकतात. त्याला कीडीनगरा असा खास शब्दच आहे. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा नियम तर घरोघरी.

अशा गावात मांजरीचे अनाथ पिल्लू सापडले ही बातमी लपून राहत नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या मागच्या व्हरांड्यात एक वाटी म्हशीचे दूध, तूप लावलेली पोळी, अर्धा पेढा आणि एका ताटलीत लाल मांसाचा एक तुकडा एवढे जमा झाले. पेढा रंगरूटने हुंगला आणि सोडून दिला. त्यात नवल नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. त्या चवीसाठी लागणारे एक जनुक त्याच्या शरीरात निकामी झालेले आहे, हे शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले. लाल मांसाची ताटली आज्जीने पाहायच्या आत आईने परत पाठवली. पोळी तशीच पडून राहिली. राहिले दूध. ते आज्जीने कोमट केले, थोडे पाणी घातले आणि बशीत ओतले. रंगरूटने डोळे मिटून बशी साफ केली. आज्जी इतकी खूश झाली की तिने अजून अर्धी वाटी दिली.

रात्री जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत तीनदा आणि नंतर आम्ही मोजायचे सोडले. सकाळी काट्यावर ठेवले तेव्हा ४९० ग्रॅम. ५० ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण हिशोब करून पाहा. माझे वजन ५२ किलो आहे. त्याच प्रमाणात माझे घटले असते तर एका रात्रीत जवळजवळ पाच किलो गेले असते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच खाली बसायला हवी. रंगरूटची तशीच उभी राहत होती. शरीरातले पाणी संपत आल्याची ती खूण. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर लू सुरू झाली होती आणि तिने म्याव करायचेही बंद केले होते. धाकटी टॉवेलाशेजारी बसून तिच्या पोटाकडे टक लावून पाहत होती, ते वरखाली होते आहे का म्हणून.

बाबांनी रजा टाकली आणि आम्ही स्कूटरवरून पशुवैद्यकांकडे गेलो. त्यांनी आधी ताप पाहिला, मग तोंड उघडून दात. दातांवरून वय सांगितले, सुमारे सहा आठवडे. कातडीखाली सलाइन दिले. ते देताना पाठीवर लिंबाएवढा फुगा येतो आणि तो हळूहळू आत जिरतो. बाकी मुलांनी पाहिले असते तर दोघेतिघे तरी फॉलिनमधून खाली पडले असते. मग त्यांनी विचारले, "दूध दिया था?" बाबांनी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "भैंस ने वो दूध बिल्ली के लिए नहीं बनाया है."

त्यांनी जे समजावले ते असे. म्हशीचे दूध हे जन्मतःच तीस-पस्तीस किलो भरणाऱ्या रेडकासाठी असते. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीएवढी प्रथिने असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. पिल्लू अंगावरचे दूध सोडू लागले की ते विकर कमी होत जाते. मग न पचलेली साखर आतड्यात राहते, पाणी ओढून घेते आणि पोट बिघडते. काही मोठ्या मांजरांना थोडेसे दूध पचते, काहींना पचत नाही, पण कोणत्याही मांजराचे ते जेवण नव्हे. चार आठवड्यांच्या आतले पिल्लू असेल तर त्याच्यासाठी मांजरीच्या दुधासारखी खास पावडर मिळते आणि ती बाटलीने, पिल्लाला पालथे ठेवून पाजायची असते. उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाते. रंगरूटला दात आले होते, म्हणजे ती चावून खायला तयार होती.

"घर में नॉनवेज बनता है?" त्यांनी विचारले. बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

आमची आज्जी माळकरी आहे. लग्न होऊन माण तालुक्यातल्या आमच्या गावात आली तेव्हापासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बाबा युनिटमध्ये काय खातात ते ती विचारत नाही आणि बाबा सांगत नाहीत. मी शाळेच्या मेसमध्ये काय खातो तेही तिने कधी विचारलेले नाही. पण आज्जी असते त्या घरात अंडेही येत नाही. ती जयपूरला आली की आईचा ओटा तिचा होतो. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेलाही नाही. आणि मांजर हा असा प्राणी आहे की त्याला मांस लागतेच. कुत्रा, माणूस, अस्वल यांचे भागते, मांजराचे नाही.

घरी आल्यावर वाद सुरू झाला तो इथून. आई म्हणाली, पिल्लू बरे झाले की कुणाला तरी देऊन टाकू. बाबा म्हणाले, युनिटच्या लंगराजवळ सोडले तर उरलेसुरले खाऊन जगेल. पण लंगरातल्या भाजीत आणि मटणात कांदा-लसूण असतो, आणि कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. डॉक्टरांनी हे दोनदा बजावले होते. लाल मांसाची ताटली परत गेली ते बरेच झाले. त्यात लसूण आणि मिरची दोन्ही भरपूर. धाकटीने पनीर सुचवले. मांस नको आणि प्रथिने तर हवीत, मग पनीर का नको? मला तिचा प्रश्न बिनतोड वाटला. त्याचे उत्तर शाळेत परत आल्यावर मिळाले, ते पुढे सांगतो. दुकानदाराने तर बाबांपुढे शुद्ध शाकाहारी खाद्याचे पाकीटही ठेवले होते. बाबांनी उलटून पाहिले तर ते कुत्र्यांचे निघाले.

आज्जीचे म्हणणे साधे होते. "आमची मनी चौदा वर्षं दूधभाकरीवर जगली. तिला कुठं काय झालं?"

याला उत्तर कुणाकडेच नव्हते. दफेदार काका तेवढ्यात रंगरूटची चौकशी करायला आले होते. ते मूळचे झुंझुनूकडचे आणि त्यांची सगळी नोकरी घोड्यांमध्ये गेली आहे. जयपूर हे घोडदळाचे ठिकाण आहे, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक असेल. संस्थानांची घोडदळे एकत्र करून १९५३ मध्ये उभी केलेली ६१ कॅव्हलरी तिथेच आहे. काका म्हणाले, घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. चुकीचे काही पोटात गेले तर ते बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून पोटशूळाने घोडा मरतो. त्यामुळे तबेल्यात घोड्यापुढे काय ठेवायचे हे कुणाच्या मर्जीवर सोडलेले नसते. "प्यार से ज्यादा दाना डालने वाला घोड़ा मार देता है," ते म्हणाले. जव किती, चणा किती, चोकर किती, आधी पाणी आणि मग दाणा, सगळे ठरलेले. घोड्यापुढे घोड्याचे रेशन, श्वानपथकाच्या कुत्र्यापुढे कुत्र्याचे.

आज्जीला हिंदी नीट समजत नाही. बाबांनी तिला भाषांतर करून सांगितले आणि मग सहज विचारले, "आये, मनी उंदीर धरायची का गं?"

आज्जी म्हणाली, "धरायची म्हणजे! कणगीखाली एक ठेवला नाही तिने. दिवसाला दोन-तीन तरी. एखादा दारात आणून ठेवायची, मला दाखवायला." आणि थांबली.

कुणी काही बोलले नाही. सगळ्यांना कळले होते. मनी दूधभाकरीवर जगत नव्हती. ती उंदरांवर जगत होती आणि दूधभाकरी वरकमाई होती. अख्खा उंदीर म्हणजे मांजराचे पूर्ण जेवण: मांस, काळीज, हाडे, रक्त, सगळे त्यात येते. आमच्या क्वार्टरमध्ये ना कणगी ना उंदीर, आणि रंगरूटला शिकार शिकवायला आईही नाही.

संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर आज्जीने निकाल दिला. "माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही. तिला तिचं द्या. पण माझ्या ओट्यावर नको, आणि माझ्या भांड्यात नको."

मागच्या व्हरांड्यात एक जुना लाकडी स्टूल ठेवला. त्यावर रंगरूटच्या दोन स्टीलच्या वाट्या, एक चमचा आणि खाद्याचा डबा. धुवायचे ते बाहेरच्या नळावर. पहिले दोन दिवस पोट स्थिर होईपर्यंत डॉक्टरांनी उकडलेली कोंबडी सांगितली होती: मीठ नाही, मसाला नाही, हाड नाही, बारीक कुस्करून. ती दफेदार काकूंनी त्यांच्या घरी उकडून दिली. नुसत्या कोंबडीवर पिल्लू कायम ठेवता येत नाही, हेही तेव्हाच कळले. मांसात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. वाढत्या पिल्लाला महिनोन्महिने नुसते मांस दिले तर शरीर हाडांमधले कॅल्शियम काढून घेते आणि उडी मारतानाही हाड मोडू शकते. काळीज जास्त दिले तर 'अ' जीवनसत्त्व बेसुमार होते. उकडलेली हाडे फुटून घशात रुततात. थोडक्यात, घरी मांजराचे पूर्ण जेवण बनवायचे तर तोलूनमापून आणि डॉक्टरांना विचारूनच. आम्ही म्हणून तयार खाद्य घ्यायचे ठरवले.

दुकानात दोन प्रकार असतात, कोरडे दाणे आणि ओले पाऊच. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मांजराचा देखणा फोटो असतो. तो पाहण्यात वेळ घालवू नये. पाकीट उलटे करावे. तिथे 'संपूर्ण आणि संतुलित' अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत छापलेले असते, ते शोधावे. ते वाढीच्या वयासाठी, म्हणजे किटनसाठी आहे की मोठ्या मांजरासाठी, हे पाहावे. 'पूरक' लिहिले असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही.

मग प्रथिनांचा आकडा. इथे आम्हाला एक गंमत सापडली. कोरड्या पाकिटावर प्रथिने ३४ टक्के लिहिली होती आणि ओल्या पाऊचवर फक्त ८ टक्के. धाकटी लगेच म्हणाली, पाऊचवाले फसवतात. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी होते. पाणी वगळले की उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिने, म्हणजे ४० टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के, म्हणून ९० भागांत ३४, म्हणजे साधारण ३८ टक्के. जे कमी दिसत होते तेच जास्त निघाले. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे पिल्लांच्या खाद्यात पाणी वगळून किमान ३० टक्के प्रथिने लागतात, त्यामुळे दोन्ही पास. शेकडेवारीचे गणित परीक्षेबाहेर उपयोगी पडल्याची माझ्या माहितीतली ही पहिली वेळ.

किंमतीचा प्रश्न होताच. एका लहान पाऊचच्या पैशात घरी अर्धा लिटरहून अधिक दूध येते. म्हणून बाबांनी ठरवले की मुख्य जेवण कोरडे, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले, आणि दिवसातून एकदा अर्धा पाऊच. डॉक्टरांनाही हे पसंत पडले, कारण जयपूरच्या उन्हात पाणी पोटात जाणे महत्त्वाचे. मांजरे मुळात वाळवंटी प्रदेशातल्या रानमांजरांची वंशज. शिकारीतूनच पाणी मिळवायची त्यांची सवय, त्यामुळे तहान लागली तरी ती पुरेसे पाणी पीत नाहीत. पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून दूर ठेवली की रंगरूट जास्त पाणी पिते, हा मात्र धाकटीचा शोध. ओले खाद्य तासाभरात संपले नाही तर फेकायचे. ४४ अंशांत त्याचे काय होते ते व्हरांड्यात उभे राहून कळते.

किती द्यायचे? या वयाच्या पिल्लाला वजनाच्या किलोमागे दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. ५४० ग्रॅमला १०८. ऐकायला हे थोडेच वाटते. तेच प्रमाण मला लावले तर ५२ किलोला १०,४०० कॅलरी होतात. एवढे मागितले तर आपले मेस हवालदार काय म्हणतील ते लिहायची गरज नाही. आणि हे सगळे मुठीत मावणाऱ्या देहातल्या पोटात एकदम बसत नाही, म्हणून घोड्यासारखेच: थोडे थोडे, चार वेळा. मी वेळा लावून दिल्या: सकाळी ६, ११, दुपारी ४ आणि रात्री ९. नवे खाद्य एकदम सुरू केले नाही. कोंबडीत थोडे, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, असे करत आठवडाभराने कोंबडी बंद झाली. जंताचे औषधही डॉक्टरांनी दिले, कारण जंत असले तर आपण दिलेले रेशन तेच खातात.

रोज सकाळी वजन घ्यायचो. त्यासाठी आईचा स्वयंपाकघरातला काटा बाहेर काढला होता, त्यावर तिने दोन दिवस माझ्याशी बोलणे कमी केले. ४९० वरून ५०५, मग ५२०, मग तीन दिवस ५२० वरच. त्या तीन दिवसांत घरात कुणी फार बोलत नव्हते. चौथ्या दिवशी ५३५. त्यानंतर रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढ. पिल्लू रोज साधारण दहा ग्रॅम वाढले की ठीक, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मी निघालो त्या दिवशी सकाळी ७०० ग्रॅम. पडद्यावर अर्ध्यापर्यंत चढत होती.

आता पनीरचे. शाळेत परत आल्यावर मी जीवशास्त्राच्या सरांना धाकटीचा प्रश्न विचारला. सर म्हणाले की हा प्रश्न शास्त्रज्ञांना आधीच पडून गेला आहे. पनीर म्हणजे बहुतांशी केसीन, दुधातले प्रथिन. अमेरिकेत के. सी. हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसीनवर वाढवलेल्या मांजरांचे डोळे तपासले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतला दृष्टिपटल झिजत चालला होता. प्रथिन भरपूर असूनही. कमी होते ते टॉरिन. १९७५ मध्ये त्यांनी हे 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. टॉरिन हे द्रव्य प्राण्यांच्या मांसात असते, वनस्पतींत जवळजवळ नसतेच. माणूस आणि बहुतेक कुत्री ते आपल्या शरीरात पुरेसे बनवू शकतात. मांजराला ते फारच कमी बनवता येते, म्हणून ते खाण्यातूनच मिळावे लागते. १८२७ मध्ये ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडले, आणि बैलाचे लॅटिन नाव टॉरस, म्हणून टॉरिन.

त्यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९८७ मध्ये पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखवले की टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदयही मोठे आणि दुबळे होते. त्यातली कित्येक मांजरे बाजारात मिळणारे तयार खाद्यच खात होती. पाकिटात टॉरिन होते, पण पुरेसे नव्हते. ते वाढवल्यावर हृदये पुन्हा सुधारली आणि कंपन्यांना आपले प्रमाण बदलावे लागले. म्हणजे पाकिटावर छापले म्हणून ते ब्रह्मवाक्य नसते. रंगरूटचे डोळे आणि वजन दर महिन्याला डॉक्टरांना दाखवायचे, हे म्हणून मी घरी फोनवर कळवले.

धाकटीला पनीरचे उत्तर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग माझा प्रश्न बरोबरच होता ना?" होताच.

मी निघताना व्हरांड्याच्या भिंतीवर ड्यूटी रोस्टर लावून आलो होतो. ११ ची वेळ आईची, ४ ची धाकटीची, ९ ची बाबांची. सकाळी ६ वाजता बाबा पीटीला गेलेले असतात, आई डब्याच्या घाईत असते आणि धाकटी उठत नाही. मी असेपर्यंत ६ ची वेळ माझी होती. रोस्टरवर त्या चौकटीत काय लिहावे ते मला सुचले नाही, म्हणून ती मोकळी ठेवली.

दर रविवारी घरी फोन होतो. जूनच्या शेवटच्या रविवारी मी विचारले, सकाळचे कोण घालते? आई म्हणाली, "आज्जी." ती काकड्याच्या वेळेला उठतेच. व्हरांड्यात जाते, डब्याचे झाकण उघडते, चमच्याने मोजून दाणे वाटीत घालते, वर कोमट पाणी. दाण्यांना हात लावत नाही. मग बाहेरच्या नळावर हातपाय धुते आणि आंघोळीला जाते, आंघोळीनंतर पूजा. रोस्टरवरच्या मोकळ्या चौकटीत धाकटीने तिचे नाव लिहिले आहे. आषाढी एकादशीला आज्जीचा निर्जळी उपवास होता. त्या दिवशीही ६ चे रेशन ६ ला वाटीत पडले, आणि ११ चे द्यायला आईला पाच मिनिटे उशीर झाला तर आज्जीने दोनदा हाक मारली.

फोनवर ती आधी मी मेसमध्ये पोटभर जेवतो का ते विचारते, काय जेवतो ते विचारत नाही. मग मी न विचारता वजन सांगते. गेल्या रविवारी एक किलो सहाशे ऐंशी होते. आईने स्वयंपाकघरासाठी नवा काटा आणला आहे. जुना आता व्हरांड्यातल्या स्टुलावरच असतो, कारण त्यावर पोहे तोलायला आज्जी कुणाला देत नाही.